तिसरी खुंटी

"कुणाला खरं वाटायचं न्हाई, पर सिनेमातला भीम आपल्या हौद्यात उतरून गेलाय," नाथाजी वस्तादांनी सांगितलं आणि मिशीवरून हात फिरवला. "लालासाहेब! काल पहाटं. आपल्या तालमीचा मानाचा मेंबर झालाय गडी."

हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक आणि हळद कालवत बसलेले धुळा आणि जोतीराम थांबले.

"तासगावच्या तंबूत पडद्यावर बगितला, त्यो लालासाहेब?" धुळा म्हणाला. "त्यो हितं कशाला मरायला येतोय?"

"मोटार तापली त्याची. पाणी मागाया आला. म्या म्हटलं, भीमाचं काम करताय न्हवं, मग मातीला पाठ लावल्याबिगर पाणी न्हाई. उतरला बापडा. एक शड्डू ठोकला, तर आढ्यावरची पारवी उडाली ती थेट कऱ्हाडाला गेली. अजून माघारी न्हाईत."

दोघेही खो खो हसले. वस्तादांचं मात्र लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. थाप त्या दोघांसाठी नव्हतीच मुळी.

दाराशी हरणाबाई उभी होती. हातात तेलाची बुधली. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर. दोन वर्षं झाली, दर शनिवारी ती यायची, दारातल्या मारुतीपुढच्या दिव्यात तेल घालायची आणि जाताना समोरच्या भिंतीकडं एकदा बघायची. भिंतीला ओळीनं खुंट्या, एकेका गड्याची एकेक. तिसरी तिच्या पोराची, ज्ञानूची. ज्ञानू पलटणीत होता, इटलीत. जाताना आपला जुना, मळका लंगोट तिथंच ठेवून गेला होता.

आज तिसऱ्या खुंटीवर नवाकोरा लंगोट होता. लालभडक. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"वस्ताद, ज्ञानूचा लंगोट दिसंना," एवढंच ती म्हणाली होती, आणि वस्तादांनी तिथूनच लालासाहेबाची मोटार गावात आणली होती.

घरी वाचणारं कुणी नाही म्हणून ज्ञानूनं पत्ता तालमीचा दिला होता. चार दिवसांमागं पोस्टमनानं एक इंग्रजी पत्र वस्तादांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते पल्याडच्या गावच्या मास्तरांकडनं वाचून घेतलं. तेव्हापासून ते त्यांच्या पटक्याच्या घडीत होतं. सांगायला म्हणून ते तीनदा हरणाबाईच्या दारात जाऊन आले. पहिल्यांदा तिच्या म्हशीची तारीफ करून परतले. दुसऱ्यांदा उसातल्या वाघाची गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा ती चुलीपुढं एकटीच काहीतरी गुणगुणत होती. ते दारातूनच वळले.

गेलेल्या गड्याचा लंगोट कृष्णेत सोडायचा, ही तालमीची रीत. काल पहाटे वस्तादांनी एकट्यानंच ती केली. माघारी आले, तर भिंतीवर ती एकच खुंटी मोकळी. त्यांना ती बघवेना. पेटीतला नवा लंगोट काढून त्यांनी तिच्यावर टाकला, तेव्हा कुठं हातपाय धुतले.

"सांगलीच्या एका क्लबानं," वस्ताद आता रंगात आले होते, "पुण्याच्या क्रिकेटवाल्याला मानाचा मेंबर केला आन् त्याची बॅट भिंतीला टांगली. मग आमी काय कमी हाय? आमी भीमाचा लंगोट टांगला!"

"भीमाचा, आन् येवढाच?" धुळानं मान तिरकी करून बघितलं. "आवं, मला बी व्हायचा न्हाई ह्यो."

"घामानं आटलाय गड्या. लय घाम गाळला त्यानं."

पारव्यांच्या वेळी हरणाबाई तोंडाला पदर लावून हसली होती. वस्तादांच्या थापा तिला काय नव्या होत्या? आता तिनं पदर खाली घेतला.

"मग ज्ञानूचा कुठं ठिवलाय?"

"हाय की. पेटीत. चांगला घडी घालून ठिवलाय."

"दावा."

"किल्ली..." वस्तादांनी कमरेला चाचपल्यासारखं केलं. "किल्ली ऱ्हायली बगा लालासाहेबाच्या मोटारीत."

जोतीराम फिस्सकन हसला. मग त्यानं हरणाबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि मातीत हात घातला.

पेटी कोपऱ्यात उघडीच होती. तिला कधी कुलूप नव्हतंच.

हरणाबाईनं बुधली उंबऱ्यावर ठेवली आणि आत पाऊल टाकलं. धुळा उठायला लागला, पण वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. ती पेटीपाशी गेली नाही. हौद्याच्या कडेनं सरळ तिसऱ्या खुंटीखाली गेली. नव्या कापडाचं टोक तिनं दोन बोटांत धरलं. धरून राहिली.

"न्हाई म्हणजे, ज्ञानू आल्यावर ही खुंटी त्याची त्यालाच की," वस्ताद म्हणाले. "लालासाहेबाला मी दुसरी... त्योच म्हणला, मला हीच पायजे..."

"खोटं हाय." हरणाबाईनं वळून बघितलं नाही. "ज्ञानू निगाला त्या दिशी ह्याच दारात तुमी मला काय म्हणला व्हता? राजा जरी आला तरी जित्या गड्याची खुंटी ह्या तालमीत कुणाला मिळायची न्हाई."