उरलेला गोंद

मुलांनो, कल्पना करा. घरात आजी आजारी आहे, डॉक्टरांनी तिला शांत झोप सांगितली आहे, आणि गल्लीतल्या मंडळाचा बिघडलेला स्पीकर तुमचेच बाबा दुरुस्त करताहेत.

कस्तुरीच्या बाबांपुढे सियागंज बाजारातून आणलेले दोन प्रकारचे गोंद होते. ते तिला समजावत होते, "स्पीकर वाजला की आतली कॉइल तापते. साधा गोंद त्या गरमीने सुटतो आणि स्पीकर बंद पडतो. हा महागाचा मात्र कितीही तापला तरी सोडत नाही."

"मग साधाच लावा ना, बाबा! आजीच्या खिडकीसमोरच टांगणार आहेत तो."

तेवढ्यात मंडळाचा जयेश दारातून ओरडला, "काकाजी, पूरा हफ्ता नॉनस्टॉप वाजला पाहिजे हां! नाही तर दुसरा भाड्याने आणतो, टेन्शन नको."

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलंस ना, बेटा? हा बंद पडला तर दुसरा येईल. आजीची झोप जाईलच, वर माझं कामही जाईल."

त्यांनी महागाचा गोंद वाटीत कालवला आणि कॉइल बसवली.


उरलेला गोंद घट्ट व्हायच्या आत कस्तुरी वाटी घेऊन आजीच्या खोलीत गेली आणि खिडकीच्या फटी बुजवू लागली.