दोन किलो जास्त

"काका, बॅग दोन किलो जास्त भरतेय," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

वैजनाथरावांच्या डोक्यातच गेलं ते. बंगलोरच्या कंपनीत नोकरीला असलेल्या लेकीनं, भाग्यश्रीनं, विमानाची तिकिटं पाठवली होती. पहिलाच विमानप्रवास. सकाळपासून स्वारी इतकी खुशीत, की कर्वेनगरहून लोहगावला आणणाऱ्या रिक्षावाल्याची त्यांनी चक्क पाठ थोपटली होती. आणि आता हे! बत्तीस वर्षं ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते दिसले की मंडईतले लोक तराजू पुसायला घेत. बॅग त्यांनी काल स्वतःच्या हातानं तोलली होती. वीस म्हणजे वीस. आज ती बावीस भरली, तर बत्तीस वर्षांची अब्रूच गेली की!

"तुमचा हा काटा शेवटचा कधी तपासलाय?"

"तुम्ही येणार हे आधी कळवलं असतंत, तर तपासून ठेवला असता."

वैजनाथरावांनी खांद्यावरच्या पिशवीतून पितळी वजन काढलं. निवृत्तीच्या वेळी खात्यानं दिलेलं, एक किलोचं, शिक्क्याचं. ते गावाला जातानाही बरोबर असायचं. बॅग उतरवून त्यांनी ते काट्यावर ठेवलं. रांगेतली माणसं माना उंचावून पाहू लागली.

आकडा आला : १.०.

काटा बरोबर होता. वैजनाथरावांचा चेहरा पडला. शेजारी दुर्गाबाई मात्र छताकडे बघत पदरात हसू दाबत होत्या. वैजनाथरावांनी बायकोकडे पाहिलं आणि तिथंच बॅग उघडली. तळाशी, लाडवांच्या डब्याखाली, एक गाठोडं. गाठोड्यात घरचा वरवंटा. वरवंट्याच्या अंगात पिवळं झबलं, वर टोपडं.

"आजी, हा दगड काढलात की झालं," मुलगी म्हणाली.

"दगड काय गं! हा आधी पाळण्याखालून फिरतो, मग बाळ पाळण्यात जातं. भाग्यश्रीच्या बारशालाही हाच होता."

"अगं, पण आत्ता कुणाचं बारसं?" वैजनाथरावांनी विचारलं.

"तुमच्या नातीचं. रविवारी. पाच महिन्यांची आहे. दत्तक घेतलीय पोरीनं. काल संध्याकाळी दत्तकाचा आदेश हातात पडला. तोवर बाबांना सांगू नकोस, म्हणाली. मागच्या वेळी तुम्ही आधीच सोसायटीभर पेढे वाटलेत, आणि मग सगळं बारगळल्यावर महिनाभर खाली उतरला नाहीत."

आनंदानं रडावं की हसावं, वैजनाथरावांना कळेना. मग ते एकदम बॅगेकडे वळले. बॅगेतली सफारी काढून अंगातल्या कपड्यांवर चढवली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर स्वेटर, स्वेटरवर लोकरीचा कोट. ऐन मे महिन्यात! रांगेत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत होते. मग त्यांनी वरवंटा जपून परत ठेवला आणि, हातातल्या पिशवीतून ते नेता येणार नाही असं मुलीनं सांगितल्यावर, त्याच्या शेजारी पितळी वजनही. काटा वीसवर थांबला.

"काका, एवढे कपडे अंगावर घातलेत, आणि हे किलोभर पितळ बरोबर कशाला?"

"नात किती किलोची आहे गं?" त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं.

"सहा किलो तीनशे, असं भाग्यश्री म्हणाली."

वैजनाथरावांनी घाम पुसला आणि त्या मुलीकडे वळून म्हणाले, "कुठल्या काट्यावर, ते नको का तपासायला?"