त्रापेझितीस उकंडराव

उकंडरावांनी हातातल्या अर्ध्या नोटेवरचा नंबर टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठीशी तिसऱ्यांदा ताडून पाहिला. जुळत होता. आता कोकिळाबाई कधी येते, असं त्यांना झालं होतं.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात लसणाच्या ढिगापलीकडे त्यांचं टेबल. फाटकी, कुजकी, उंदरानं कुरतडलेली, चुलीत अर्धी जळालेली, कसलीही नोट आणा. बट्टा कापून ते चालती नोट देत. पाटीवर मात्र लिहिलं होतं, 'त्रापेझितीस'.

ही करामत नारायणराव मास्तरांची. नोकरीतून मोकळे झाल्यापासून ते बाजारात ज्ञान फुकट वाटत. प्राचीन ग्रीसमध्ये नाणी बदलून देणाऱ्याला असं म्हणत, हे त्यांनीच चहा पिता पिता सांगितलं. त्रापेझा म्हणजे टेबल, त्रापेझितीस म्हणजे टेबलवाला. कुठल्या कुठल्या मुलखांतले लोक त्याच्यापुढे आपलं नाणं ठेवत आणि तो इथं चालणारं देई. कुठून आलास, हे विचारायचं नाही. उकंडरावांना हे इतकं आवडलं की दुसऱ्याच आठवड्यात पाटी रंगली. लसूणवाले त्यांना 'तरापे काका' म्हणून चिडवत, पण पाटी काही उतरली नाही.

कोकिळाबाई चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली, ती शंभराच्या नोटेचा अर्धा तुकडा घेऊन.

"भाऊबीजेच्या ओवाळणीची हाये काका. माह्या भावानं, गोकुळनं, मधातून फाडली. म्हने, अर्धी तुह्याजवळ ठेव, अर्धी घेऊन मी तुले न्यायले येतो. ते अर्धी तुमच्याकडं आली तं मले सांगजा."

उकंडरावांनी नंबर उतरवून घेतला. तेव्हापासून दर बाजारी तोच प्रश्न.

"आली का काका?"

"नाही आली बाई."

ती जराशी हसायची, डझनभर केळी घ्यायची आणि झपझप घराकडे निघायची. भावाची वाट पाहून डोळे शिणले असतील, पण रडगाणं नाही. उकंडरावांना तिचं भारी कौतुक वाटे. तिला 'नाही' म्हणताना त्यांचाच जीव तुटायचा.

आज एकदाचं घोडं गंगेत न्हालं होतं.

दुपारी ती आली. पिशवी या हातातून त्या हातात घेत तिनं नेहमीसारखं विचारलं, "आली का काका?"

"आली!" उकंडराव इतक्या जोरात म्हणाले की शेजारचे दोघे वळून पाहू लागले. "पेढे द्या बाई, पेढे! सकाळीच आली."

कोकिळाबाईनं तुकडा उचलला नाही. नुसता पाहिला.

"कोनं आनली?"

"तुमच्या भावानंच, अजून कोन आननार? बाजार भराच्या आंधीच आला. अंगात कोरे कपडे, पाय अनवानी. डोक्यातून पानी गयत होतं, आत्ताच आंघोय घातल्यावानी. म्हने, बहिनीले न्यायले आलो."

"मंग?"

"मंग म्या बट्टाही घेतला नाही, पुरे पन्नास काढले. तं म्हने, इतके काय करू? दोन तिकिटापुरते द्या."

"दोन?"

"एक त्याचं, एक तुमचं!" उकंडराव मोकळेपणानं हसले. "घर विचारत होता. सांगून देलं म्या, मारोतीच्या देवळामांगं म्हनून. बाई बाजारात येतीन, हेही सांगतलं. तं म्हने, बसतो ओसरीवर, किती का उशीर लागंना."

आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं उकंडरावांना वाटलं. ते आलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत गेला.

"काका, घर काऊन सांगतलं हो?" ती अगदी हळू म्हणाली. "तुमी 'नाही' म्हनत, तवाच मी बिनघोर घरी जात होती."

"अवो, पन सख्खा भाऊ ना तुमचा?"

"सख्खाच." तिनं बोटानं नोटेची जळकी कड चाचपली. "तिरडी उचलाच्या आंधी हे अर्धी म्याच त्याच्या मुठीत ठेवली होती."