मापाची गाडी

नव्या गाडीचा हट्ट सोडून वृंदा या जुन्या एसयूव्हीत बसली आणि चपापली. ठेंगणेपणामुळे प्रत्येक गाडीत तिला सीट पुढे ओढावी लागे. इथे मात्र पाय आपसूक क्लच-ब्रेकवर टेकले.

"आधीच्या बाईंनी जिवापाड जपली हो," एजंट म्हणाला. "शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

तिने समोरच्या काचेवरची ऊन अडवणारी झडप खाली केली. आतल्या छोट्या आरशावर लाल टिकली चिकटवलेली होती, नेमकी तिच्या प्रतिबिंबाच्या कपाळावर येईल अशी. शहारून ती खाली उतरली.

"आपण नवीच घेऊ," ती बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली.

"बरं, नवीच घेऊ." तो तिच्याकडे बघतच राहिला. "पण तू टिकली कधीपासून लावायला लागलीस?"