दाराबाहेरच्या चपला

निकाल घ्यायला आलेले सगळे पालक बूट-सँडल घालूनच वर्गात शिरले. ऋतुजाच्या आईने मात्र चकचकीत फरशी पाहिली आणि अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेल्या आपल्या चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा, दाराबाहेर काढल्या. आत येऊन ती लेकीच्या बाकावर अंग चोरून बसली.

"दारात या चपला कुणाच्या?" मॅडमनी कपाळाला आठी घालून विचारलं.

पुढच्या बाकावरची मैत्रीण मागे वळली. "तुझ्या आईच्या आहेत का गं?"

"छे! आमच्या नाहीत," ऋतुजा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

आईने पावलं साडीत ओढून घेतली. मॅडमच्या सांगण्यावरून शिपायाने चपला दोन बोटांत उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

बाहेर एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून आई भराभर पाय उचलत चालली होती. ऋतुजा रडत रडत आपले बूट काढायला वाकली, तसं आईने तिला थांबवलं.

"राहू दे. शाळेचे बूट आहेत, खराब होतील." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि रडतेस कशाला? बरोबर बोललीस तू. तिथे असंच बोलायचं असतं."

आईने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं ऋतुजाला वाटलं. पण ऊन लागू नये म्हणून आईने आपला पदर लेकीच्या डोक्यावर धरला.