पाहुण्यांसाठी गोड पाणी

"बॅटरी आणि हायड्रोजनचे कारखाने सगळे मेम्ब्रेन आधीच उचलतात, ताई. गावासाठी पुढच्या वर्षी बघू," गावात पाण्याचं यंत्र बसवून दिलेल्या कंपनीचा विक्री अधिकारी सरपंच उज्ज्वला गावंडेंना म्हणाला.

खारपाणपट्ट्यातल्या त्या गावात पाण्यातलं मीठ काढणाऱ्या यंत्रातले मेम्ब्रेनचे पडदे फाटले होते. गाव पुन्हा खारं पाणी पीत होतं. उज्ज्वलाताईंच्या दिराच्या किडन्या त्याच पाण्यानं गेल्या होत्या.

"मंग आज कायले आले?"

"उद्या परदेशी खरेदीदार यंत्र बघायला येताहेत. टाकीत टँकरचं गोड पाणी भरून देतो. तुम्ही हसून ग्लास पुढं करा."

त्या रात्री उज्ज्वलाताई घरोघर फिरल्या. सकाळी बायकांनी टँकर वेशीवरच अडवला आणि सगळं पाणी आपापल्या घरी नेलं.

पाहुण्यांनी नळाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. अधिकारी सारवासारव करू लागला, तेव्हा उज्ज्वलाताई दुभाष्याला म्हणाल्या, "त्याईले सांगा, हे पाणी आमचे लेकरं रोज पेतात, अन् हा मानूस मेम्ब्रेन कारखान्याईले विकून राह्यला."

खरेदीदार सही न करताच परतले. सौदा हातचा जाऊ नये म्हणून कंपनीनं आठवड्यात नवे मेम्ब्रेन पाठवले. ते घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला कुणी बस म्हटलं नाही.