नऊ पॉइंट तीन

वर्षापूर्वी तनुजाचं पत्र आलं होतं. माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच जागी भौतिकशास्त्र शिकवते. "सर, लंबकाच्या प्रयोगात आम्ही गुरुत्वाकर्षणाचं ९.८ हे उत्तर आधीच धरून उलटी रीडिंग भरायचो. तुम्हाला कळायचं का?"

कळायचं. तरी मी जर्नलवर सही करायचो. हे तिला लिहायला धजलो नाही.

काल तिच्या प्रयोगशाळेत जाऊन मागच्या स्टुलावर बसलो. दोन मुली वाद घालत होत्या.

"नऊ पॉइंट तीन आलंय. खोड आणि आठ कर."

"खोडलं की मॅडम शून्य देतात. का चुकलं ते शोधलं तर पूर्ण मार्क."

मग एकीनं मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला येतं का हे?"

पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात कुणाचं उत्तर चुकलंच नव्हतं, म्हणून कारणही कधी शोधावं लागलं नव्हतं. तिघांनी दोरा पुन्हा मोजला. अर्ध्या तासानं सापडलं: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, त्यांनी नुसता दोरा धरला होता.

आज तनुजाला कार्डावर लिहिलं, "कळायचं. सही करायला नको होती. मंगळवारी पुन्हा येऊ का?" पत्ता दोनदा तपासला आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.